वातावरणशास्त्र व पर्यावरणविज्ञानातील अधिछात्रवृत्त्या आणि पोस्टडॉक पदे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एम.एस्सी.चे शेवटचे सत्र संपत आले की अधिछात्रवृत्ती (संशोधकाला मिळणारी मासिक रक्कम) आणि पोस्टडॉक (पीएचडीनंतरचे ठरावीक मुदतीचे संशोधनपद) यांविषयी पुढील प्रश्न विद्यार्थ्यांकडून आणि तितक्याच काळजीने त्यांच्या आईवडिलांकडून येऊ लागतात. उत्तरे देताना भारतातील, त्यातही पुण्यातील व्यवस्था मध्यवर्ती धरली आहे, कारण देशातील हवामानसंशोधनाचा फार मोठा भाग याच शहरात चालतो. रकमा आणि अटी वेळोवेळी बदलतात, त्यामुळे अर्ज भरण्यापूर्वी त्या वर्षीची जाहिरात पहिल्या ओळीपासून शेवटच्या टीपेपर्यंत वाचावी.

हवामानावर संशोधन करायचे तर भूगोल किंवा पर्यावरण हाच विषय घेतलेला असावा लागतो का?

नाही. ढगातला थेंब कसा वाढतो हा भौतिकशास्त्राचा प्रश्न आहे, शहराच्या हवेत ओझोन कसा तयार होतो हा रसायनशास्त्राचा, आणि मोसमी वाऱ्यांची गती समीकरणांत बसवणे हे गणिताचे काम आहे. त्यामुळे या क्षेत्रात येणाऱ्यांमध्ये भौतिकशास्त्र, गणित, रसायनशास्त्र आणि संख्याशास्त्राचे पदवीधर मोठ्या संख्येने असतात. अभियांत्रिकीतून येणारेही पुष्कळ आहेत. पर्यावरणविज्ञानाच्या विद्यार्थ्यांना वायुप्रदूषण, जलगुणवत्ता आणि परिसंस्था या बाजूंनी प्रवेश सोपा जातो, मात्र त्यांनी कलनशास्त्र व संख्याशास्त्राची उजळणी टाळू नये. मुलाखतीत बहुतेक वेळा गाडी तिथेच अडते.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२च्या नियमांनुसार चार वर्षांची पदवी ७५ टक्के गुणांनी पूर्ण केलेल्या विद्यार्थ्यालाही पीएचडीसाठी अर्ज करता येतो. तरीही माझा सल्ला एम.एस्सी. करण्याचाच राहील, कारण विषय खरोखर आवडतो की फक्त दुरून छान दिसतो, हे त्या दोन वर्षांतील छोट्या प्रकल्पात कळते.

महाराष्ट्रात आणि गोव्यात अशा संस्था कोठे आहेत?

पहिले नाव पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचे, जिला सगळे आयआयटीएम म्हणून ओळखतात. ती १९६२ साली स्थापन झाली, १९७१ साली स्वायत्त झाली आणि आज केंद्राच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाखाली काम करते. तिच्याजवळच आयसर पुणे ही विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था आहे, जिथे पृथ्वी व हवामान विज्ञानाचा स्वतंत्र विभाग आहे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातील वातावरण व अवकाश विज्ञान विभागात या विषयाची एम.एस्सी. करता येते. शिवाजीनगरला भारतीय हवामानशास्त्र विभागाचे मोठे कार्यालय आहे. या खात्याचे मुख्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्यात आले, म्हणून तो चौक आजही ‘सिमला ऑफिस’ या नावाने ओळखला जातो. रोज तिथे बसमधून उतरणाऱ्या अनेक विद्यार्थ्यांना हे ठाऊक नसते, याचे मला दर वेळी वाईट वाटते.

मुंबईत आयआयटीमध्ये हवामान अभ्यासाचे केंद्र आहे. नवीन पनवेलच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेत वरच्या वातावरणावर काम होते. नागपूरची नीरी ही १९५८ पासूनची संस्था पर्यावरण अभियांत्रिकी व प्रदूषण यांसाठी महत्त्वाची आहे. गोव्यात वास्कोला ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र, तर दोनापावला येथे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे; अंटार्क्टिका किंवा अरबी समुद्रावर काम करायचे असेल तर आधी या दोन्हींकडे पाहावे. राज्याबाहेर बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था, आयआयटी दिल्ली, अहमदाबादची भौतिकी संशोधन प्रयोगशाळा, तिरुपतीजवळची गादंकीची प्रयोगशाळा आणि कोचीन विद्यापीठ ही नावे लक्षात ठेवावीत.

नेट द्यावी की गेट?

या दोन्ही राष्ट्रीय पातळीवरच्या परीक्षा आहेत. जमल्यास दोन्ही द्याव्यात, कारण दोन्हींची दारे वेगळी आहेत. सीएसआयआर (वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषद) आणि यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) यांच्या संयुक्त नेटमध्ये पृथ्वी, वातावरण, महासागर व ग्रहविज्ञान असा एकत्रित विषय असतो. त्यात भूशास्त्राचा भाग मोठा असल्यामुळे भौतिकशास्त्राचे अनेक विद्यार्थी आपल्याच विषयातून नेट देतात आणि नंतर वातावरणशास्त्रात येतात, जे पूर्णपणे वैध आहे. पर्यावरणविज्ञान हा स्वतंत्र विषय यूजीसी-नेटमध्ये आहे, सीएसआयआरच्या परीक्षेत नाही. ही गल्लत होऊन अर्ज चुकीच्या परीक्षेचा भरला गेल्याची उदाहरणे दरवर्षी दिसतात. २०२४ पासून नेटचा निकाल तीन गटांत लागतो : अधिछात्रवृत्तीसह, सहायक प्राध्यापकपद व पीएचडी प्रवेशासाठी, आणि फक्त पीएचडी प्रवेशासाठी. शेवटच्या दोन गटांतील गुण पीएचडी प्रवेशासाठी एकच वर्ष ग्राह्य धरले जातात.

गेटचे गुण तीन वर्षे चालतात आणि आयआयटींमध्ये उपयोगी पडतात. गेटमध्ये पर्यावरण विज्ञान व अभियांत्रिकीची स्वतंत्र प्रश्नपत्रिका आहे, तर अभियांत्रिकी विज्ञानाच्या प्रश्नपत्रिकेत वातावरण व महासागर विज्ञान हा निवडीचा भाग घेता येतो.

महिन्याला किती रक्कम मिळते?

१ जानेवारी २०२३ पासून लागू झालेल्या दरांनुसार कनिष्ठ अधिछात्राला, म्हणजे जेआरएफला, दरमहा ३७,००० रुपये आणि वरिष्ठ अधिछात्राला ४२,००० रुपये मिळतात. घरभाडे भत्ता शहराच्या वर्गाप्रमाणे त्यावर मिळतो. नेटमधून मिळणारी वृत्ती साधारण दोन वर्षे कनिष्ठ आणि कामाचे मूल्यमापन समाधानकारक ठरल्यास पुढे तीन वर्षे वरिष्ठ, अशी पाच वर्षांची असते. पंतप्रधान संशोधन अधिछात्रवृत्ती यापेक्षा बरीच मोठी आहे : पहिली दोन वर्षे ७०,०००, तिसऱ्या वर्षी ७५,००० आणि शेवटची दोन वर्षे ८०,००० रुपये दरमहा, शिवाय वर्षाला दोन लाखांचे संशोधन अनुदान. तिथली स्पर्धाही अर्थात तितकीच कडक असते.

महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांनी राज्याच्या वृत्त्या विसरू नयेत. अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा व कुणबी समाजांसाठी सारथी, इतर मागासवर्ग व भटक्या-विमुक्तांसाठी महाज्योती आणि अनुसूचित जमातींसाठी आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था यांच्या योजना पीएचडीला नोंदणी केलेल्यांसाठी असतात. एका वेळी दोन ठिकाणांहून वृत्ती घेता येत नाही, आणि तसे हमीपत्र लिहून द्यावे लागते.

प्रकल्पातील जेआरएफ आणि नेटची जेआरएफ एकच का?

नावाच्या सारखेपणामुळे सर्वात जास्त नुकसान याच ठिकाणी होते, म्हणून सविस्तर लिहितो. नेटची वृत्ती तुमची स्वतःची असते. ठरावीक मुदतीत मान्यताप्राप्त संस्थेत रुजू झालात की ती तुमच्याबरोबर चालते आणि नियमांत बसत असेल तर संस्था बदलली तरी टिकते. प्रकल्पातील पद मात्र प्रकल्पाचे असते. मार्गदर्शकाला एखाद्या मंत्रालयाकडून तीन वर्षांचे अनुदान मिळालेले असते आणि त्यातील मनुष्यबळाच्या तरतुदीतून तुमचा पगार होतो. प्रकल्प संपला की पद संपते, प्रबंध कोणत्याही टप्प्यावर असो. शिवाय अनुदानाचा पुढील हप्ता उशिरा आला तर पगारही थांबतो.

माझा स्वतःचा प्रकल्प एका संस्थेत तिसऱ्या वर्षाअखेर संपला, तेव्हा प्रबंधाची दोन प्रकरणे लिहायची राहिली होती, आणि पुढचे अकरा महिने मी बारावीच्या शिकवण्या घेऊन काढले. मुदतवाढ मिळेल असे मला तोंडी सांगितले गेले होते. ते लेखी मागावे, हे तेव्हा सुचले नाही. म्हणून प्रकल्पात रुजू होण्यापूर्वी तीन गोष्टी नम्रपणे पण स्पष्ट विचाराव्यात : प्रकल्पाची मुदत नेमकी कोणत्या तारखेला संपते, या पदावर असताना पीएचडीची नोंदणी करू देणार का, आणि मुदत संपल्यावर पुढची सोय कशातून होईल. चांगला मार्गदर्शक या प्रश्नांनी दुखावत नाही. प्रकल्पातील पद वाईट असते असे मुळीच नाही. उपकरणांचा खरा अनुभव बहुधा तिथेच मिळतो आणि त्या वर्षात नेटची तयारीही करता येते.

मार्गदर्शकाला पहिला ईमेल कसा लिहावा?

छोटा आणि त्यांच्याच नावाने. ‘आदरणीय सर/मॅडम’ अशा सुरुवातीचा एकच मजकूर चाळीस जणांना पाठवलेला आहे, हे वाचणाऱ्याला दुसऱ्या ओळीत कळते. त्यांचा अलीकडचा एक शोधनिबंध पूर्ण वाचावा आणि त्यातील एका आकृतीविषयी मनात खरोखर आलेला प्रश्न दोन वाक्यांत मांडावा. त्यानंतर आपली पदवी, परीक्षांची स्थिती, आपण केलेले एखादे काम आणि कोणत्या महिन्यापासून उपलब्ध आहोत, एवढे पुरे. उत्तर आले नाही तर पंधरा दिवसांनी एकदा आठवण करून द्यावी; त्यानंतर दुसरीकडे पाहावे. आणि रुजू होण्याचे ठरण्याआधी त्या गटातील सध्याच्या व जुन्या विद्यार्थ्यांशी फोनवर बोलावे. आधीच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध किती वर्षांत पूर्ण झाले, एवढा एक प्रश्न विचारला तरी पुष्कळ कळते.

शिक्षण मराठी माध्यमातून झाले आहे. इंग्रजीमुळे अडचण येईल का?

सुरुवातीचे सहा महिने जड जातात, हे खरे. शोधनिबंधाची इंग्रजी मर्यादित शब्दांची आणि ठरावीक घडणीची असते, आणि रोज एक निबंध पेन्सिल घेऊन वाचला की ती हाताखाली येते. परिसंवादात बोलताना अडखळलात तरी आकृती बरोबर असेल तर लोक थांबून ऐकतात.

संगणकाची भाषा येणे आवश्यक आहे का?

होय. प्रयोगशाळेत उपकरण हाताळणाऱ्यालाही मिळालेली आकडेवारी वाचण्यासाठी पायथन किंवा तत्सम भाषा लागतेच, आणि प्रारूपांवर, म्हणजे समीकरणांनी संगणकात उभ्या केलेल्या हवामानाच्या प्रतिकृतींवर, काम करायचे असेल तर लिनक्स ही कार्यप्रणाली व फोरट्रान ही भाषा यांच्याशी ओळख हवी. आयआयटीएममध्ये २०१८ साली ‘प्रत्यूष’ आणि २०२४ साली ‘अर्क’ हे महासंगणक सुरू झाले. त्यांच्यावर प्रारूप चालवणाऱ्या विद्यार्थ्याचा दिवस काळ्या पडद्यावरच्या पांढऱ्या अक्षरांसमोर जातो.

सांगायचे ते एवढेच की तयारीसाठी महासंगणक लागत नाही. हवामानशास्त्र विभागाची १९०१ पासूनची दैनंदिन पावसाची जाळीबद्ध (नकाशावरच्या चौकोनांनुसार मांडलेली) आकडेवारी मोफत उतरवून घेता येते, तशीच १९४० पासूनची युरोपीय पुनर्विश्लेषणाची, म्हणजे जुनी निरीक्षणे आणि प्रारूप जुळवून तयार केलेली, माहितीही. बीड किंवा अकोल्यात बसून साध्या लॅपटॉपवर आपल्या जिल्ह्याच्या शंभर वर्षांच्या पावसाचा आलेख काढता येतो, आणि स्वतः काढलेला असा एक आलेख अर्जातील दहा प्रमाणपत्रांपेक्षा जास्त बोलतो.

प्रत्यक्ष काम कसे असते? सगळे संगणकावरच चालते का?

नाही. महाबळेश्वरला सुमारे १,३५० मीटर उंचीवर आयआयटीएमची ढग-भौतिकी प्रयोगशाळा २०१२ पासून चालू आहे. ती जागा मुद्दाम निवडलेली आहे, कारण पावसाळ्यात ढगच खाली उतरून इमारतीला वेढतो आणि एरवी विमानातून करावी लागणारी मोजमापे तिथे जमिनीवर उभे राहून करता येतात. जुलैत तिथे काम करणाऱ्या विद्यार्थ्याला खिडकीबाहेरचे झाड दिसत नाही आणि वाळत घातलेला टॉवेल आठवडाभर वाळत नाही. हवेतले सूक्ष्म कण मोजण्यापूर्वी आत ओढलेली हवा कोरडी करावी लागते, त्यासाठीच्या नळीत सिलिका जेलचे निळे खडे भरलेले असतात. ते ओलावा शोषून गुलाबी झाले की नळी बदलायची. मध्यरात्री उठून तो रंग पाहायला कोणी गेले नाही तर सकाळपर्यंतच्या नोंदी बाद होतात.

वरच्या हवेच्या नोंदी घेणारे हवामानफुगे सोडणाऱ्या केंद्रांवरही अशीच शिस्त असते. जगभर एकाच वेळी नोंद व्हावी म्हणून आपल्याकडची नोंद पहाटे साडेपाच आणि सायंकाळी साडेपाच अशी धरली जाते, त्यामुळे त्या गटात काम करणाऱ्याला पहाटेचा गजर चुकत नाही. ज्यांना हे नको आहे त्यांनी प्रारूपांकडे वळावे; त्यात कमीपणा काही नाही. आपला स्वभाव मात्र आधी ओळखावा.

परदेशात पीएचडीसाठी स्वतःचे पैसे लागतात का?

चांगल्या विभागात प्रवेश मिळाला तर सहसा लागत नाहीत. अमेरिकेतील वातावरणशास्त्र विभागांत पीएचडी विद्यार्थ्याला संशोधन किंवा अध्यापन सहायक म्हणून घेतले जाते; शुल्क माफ होते आणि मासिक वेतन मिळते. अर्ज बहुधा डिसेंबर-जानेवारीत असतात आणि अर्थसाहाय्याचा प्रस्ताव स्वीकारण्यासाठी बहुतेक विद्यापीठे १५ एप्रिलपर्यंत मुदत देतात, तेव्हा त्याआधी कोणी घाईने उत्तर मागितले तर गडबडून जाऊ नये. जीआरई या प्रवेशासाठीच्या परीक्षेची अट अनेक विभागांनी काढून टाकली आहे. अर्जाचे शुल्क जड वाटत असेल तर ते माफ करण्याची विनंती लेखी करावी. अनेक ठिकाणी ती मान्य होते आणि विचारण्यात संकोच करण्यासारखे काही नाही. जर्मनीत पीएचडी ही बऱ्याचदा नोकरीच्या कराराने, साधारण तीन वर्षांसाठी होते; हॅम्बुर्गची मॅक्स प्लँक हवामानविज्ञान संस्था आणि माइन्झची मॅक्स प्लँक रसायनशास्त्र संस्था ही आपल्या क्षेत्रातील ठळक ठिकाणे आहेत.

पोस्टडॉकसाठी अर्ज कधी सुरू करावेत?

प्रबंध सादर करण्यापूर्वी किमान एक वर्ष. प्रबंध सादर होणे, परीक्षकांचे अहवाल येणे आणि खुली मुलाखत होणे यांत आपल्याकडे सहज सहा-आठ महिने जातात. काही ठिकाणी प्रबंध सादर केल्याचे प्रमाणपत्र चालते, काही ठिकाणी पदवी हातात असावी लागते. ही अट जाहिरातीत सर्वप्रथम शोधावी.

पोस्टडॉकचे कोणते मार्ग उपलब्ध आहेत?

दोन प्रकार आहेत. एकात कोणाच्या तरी प्रकल्पासाठी माणूस हवा असतो आणि विषय ठरलेला असतो; दुसऱ्यात तुम्ही स्वतःचा प्रस्ताव घेऊन जाता. भारतात पहिल्या प्रकारचे पद ‘रिसर्च असोसिएट’ या नावाने मिळते आणि अनुभवानुसार दरमहा ५८,०००, ६१,००० किंवा ६७,००० रुपये व घरभाडे भत्ता दिला जातो. दुसऱ्या प्रकारात अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानची दोन वर्षांची राष्ट्रीय पोस्टडॉक अधिछात्रवृत्ती आहे, जी पूर्वी सर्ब या संस्थेकडून दिली जात असे.

परदेशातील वृत्त्यांत कालमर्यादा निर्णायक ठरते. जर्मनीच्या हुम्बोल्ट प्रतिष्ठानची पोस्टडॉक वृत्ती पीएचडीनंतर चार वर्षांच्या आत असलेल्यांसाठी आहे आणि अर्ज वर्षभर केव्हाही करता येतो. जपानच्या जेएसपीएस या विज्ञान-प्रोत्साहन संस्थेच्या वृत्तीची मर्यादा सहा वर्षांची आहे. युरोपीय संघाच्या मारी क्युरी वृत्तीची अट अशी की ज्या देशात जायचे, तिथे मागील ३६ महिन्यांत १२ महिन्यांहून अधिक काळ राहिलेले किंवा काम केलेले नसावे. त्यामुळे या काळात जर्मनीत वर्षाहून अधिक राहिलेल्या विद्यार्थ्याला जर्मनीसाठीच अर्ज करता येत नाही, पण नॉर्वेसाठी करता येतो. पीएचडीच्या शेवटच्या वर्षात परदेशी मुक्काम ठरवताना हे गणित आधी मांडावे.

संशोधन प्रस्ताव कसा लिहावा?

प्रस्ताव नाकारले जाण्याचे सर्वात मोठे कारण विषयाचा फैलाव हे असते. ‘हवामानबदलाचा महाराष्ट्राच्या पावसावर परिणाम’ हा प्रस्ताव नव्हे, तो एका संस्थेचा वीस वर्षांचा कार्यक्रम आहे. प्रश्न इतका नेमका हवा की त्याचे उत्तर चुकीचेही येऊ शकेल.

उदाहरण घेऊ. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्याच दिवशी कुलाब्याला सुमारे ७४ मिलिमीटर. शहर एक, समुद्र एक, आणि फरक बारा पटींहून अधिक. आता प्रश्न असा करता येतो : इतक्या थोड्या अंतरात एवढा फरक कशामुळे निर्माण होतो, आणि एक किलोमीटर अंतराच्या जाळीवर चालवलेले प्रारूप तो पकडू शकते का? अशा प्रस्तावात पहिल्या सहा महिन्यांत कोणती आकडेवारी जमवणार, कोणते प्रारूप कोणत्या बदलांसह किती वेळा चालवणार, त्याला किती संगणकीय वेळ लागेल, आणि प्रारूप अपयशी ठरले तर त्या अपयशातून काय शिकता येईल, हे सारे लिहिता येते. परीक्षकाला हेच पाहायचे असते. यजमान मार्गदर्शकाकडून मसुदा दोनदा तरी तपासून घ्यावा. मुदतीच्या आदल्या रात्री पाठवलेला मसुदा कोणी वाचत नाही.

शिफारसपत्रे कोणाची घ्यावीत?

ज्यांनी तुमचे काम जवळून पाहिले आहे त्यांची. कुलगुरूंच्या चार गोड ओळींपेक्षा प्रयोगशाळेत तुमच्याबरोबर बिघडलेले उपकरण दुरुस्त करणाऱ्या शास्त्रज्ञाचे पान अधिक वजनदार ठरते. पत्र मागताना तीन आठवड्यांची मुदत, आपला परिचय आणि जाहिरात सोबत द्यावी.

लग्न, मूल किंवा आजारपण यांमुळे खंड पडला तर?

२०२२च्या नियमांनुसार महिला संशोधकांना पीएचडीच्या संपूर्ण काळात जास्तीत जास्त २४० दिवसांची प्रसूती अथवा बालसंगोपन रजा घेता येते, आणि पीएचडीच्या कमाल मुदतीतही त्यांना दोन वर्षांची जादा सवलत आहे. परदेशी वृत्त्यांत पीएचडीनंतरची वर्षे मोजताना बालसंगोपनाचा काळ अनेकदा वगळला जातो. ही सवलत आपोआप लागत नाही, अर्जात लिहून मागावी लागते. संकोचाने ती न मागणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत आणि त्यांचे एक-दोन वर्षांनी हुकलेले अर्जही पाहिले आहेत.

अर्ज नाकारला गेला तर पुन्हा करता येतो का?

बहुतेक ठिकाणी येतो. परीक्षकांचे अभिप्राय मिळत असतील तर ते मागून घ्यावेत आणि पहिला राग ओसरल्यावर, साधारण आठवड्याने, पुन्हा वाचावेत. मधल्या काळात पीएचडीतील राहिलेला शोधनिबंध प्रसिद्धीसाठी पाठवावा, म्हणजे पुढच्या अर्जात ‘लिखाण चालू’ या शब्दांच्या जागी नियतकालिकाचे नाव घालता येते.